प्राण्यांचे रंग आणि पाहणाऱ्याचा डोळा

सिंहगडाच्या रस्त्यावरील धायरी हें गांव धारेश्वराच्या देवळामुळें पुणेंकरांस पूर्वींपासून परिचित आहे. २०१७ सालीं तें पुणें महानगरपालिकेच्या हद्दींत आलें, आणि जेथें शेतें व परसें होतीं तेथें आतां उंच इमारतींच्या रांगा उभ्या आहेत. परसें गेलीं, तरी परसांतील एका झाडानें माणसांची साथ सोडली नाहीं. तें कुंडींत बसून चौथ्या-पांचव्या मजल्यावरील सज्जांत चढलें. तें झाड म्हणजे कढीलिंब. फोडणीसाठीं चार पानें हाताशीं असावींत एवढ्याच हेतूनें लावलेल्या ह्या कुंडींत प्राण्यांच्या रंगांविषयींचें निम्में शास्त्र घरबसल्या पहावयास मिळतें, असें म्हटल्यास फारशी अतिशयोक्ति होणार नाहीं.

पावसाळा लागून कढीलिंबास कोंवळी पालवी फुटली कीं एखादे दिवशीं तिच्यावर पक्ष्याची शीट पडलेली दिसते. रंग काळपट-तपकिरी, मध्यें पांढरा ओघळ, वरून ओलसर चकाकी; अगदीं नुकतीच पडलेली वाटावी अशी. घरची गृहिणी तें पान टाकून देण्याकरितां खुडूं जाते, तों ती शीट किंचित् पुढें सरकते! जवळून पाहिल्यावर ध्यानांत येतें कीं, ही शीट नसून पान कुरतडीत बसलेली अळी आहे. 'मॉर्मन' ह्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या एका काळ्या फुलपाखराची ती अळी होय. ह्या फुलपाखराची मादी लिंबू, कढीलिंब अशा एकाच कुळांतील झाडांच्या पानांवर एकेक सुटें अंडें घालते. अंड्यांतून निघालेली अळी वाढतां वाढतां चार वेळां कात टाकते. म्हणजे तिच्या आयुष्याच्या पांच अवस्था होतात. त्यांपैकीं पहिल्या चारहि अवस्थांत तिचें सोंग हें असें शिटेचें असतें. किडे टिपीत हिंडणारा पक्षी शिटेला चोंच लावीत नाहीं, एवढ्यावर तिचा सगळा भरंवसा.

परंतु ह्या सोंगाला एक मर्यादा आहे. शीट वाढत नाहीं, अळी वाढते. दीड इंच लांबीची आणि बोटाएवढ्या जाडीची शीट खरी आहे असें कोणता बुलबुल मानील? म्हणून चौथी कात टाकतांच अळीचा तपकिरी-पांढरा वेष साफ जातो आणि ती पानासारखी हिरवीगार होऊन बाहेर पडते. हा पालट कशानें होतो, ह्याचा उलगडा जपानांतील फुताहाशी व फुजिवारा ह्या शास्त्रज्ञांनीं २००८ सालीं ह्याच कुळांतील दुसऱ्या एका फुलपाखरावर प्रयोग करून केला. अळीच्या शरीरांत एक स्राव असतो. तिचें बाळपण टिकवून धरणें हें त्याचें काम. चौथ्या अवस्थेच्या आरंभीं ह्या स्रावाचें प्रमाण ओसरूं लागलें कीं पुढील कातेखालीं हिरवा वेष तयार होतो. तेंच द्रव्य त्या वेळीं बाहेरून देत राहिलें, तर अळी पांचव्या अवस्थेंत जाऊनहि शिटेचेंच सोंग घेऊन बसते. कोणता वेष केव्हां उतरावयाचा, ह्याचें घड्याळ अशा रीतीनें शरीरांतच असतें.

ह्या हिरव्या रंगाविषयीं एक गैरसमज सार्वत्रिक आहे. पानें खाल्लीं म्हणून अळी हिरवी झाली, असें सामान्यतः समजतात. पानांतील हरितद्रव्य अळीच्या पोटांत असतें हें खरें. परंतु तिच्या कातडीचा हिरवा रंग हरितद्रव्याचा नव्हे. तो दोन रंगांच्या मिश्रणानें होतो. पानांतून मिळालेलें कॅरोटिन जातीचें पिवळें द्रव्य, आणि अळीनें स्वतःच्या शरीरांत तयार केलेलें पित्तरंजकासारखें निळें द्रव्य. चित्रकलेच्या तासाला मुलें पिवळ्यांत निळा मिसळून हिरवा करतात, त्यांतलाच हा प्रकार. अर्धा रंग बाजारांतून आणलेला आणि अर्धा घरीं केलेला!

अळी पुरी वाढली म्हणजे डहाळीला एका रेशमी फेऱ्यानें स्वतःस बांधून घेते आणि कोश होते. कोशाला पळतां येत नाहीं, लपतां येत नाहीं. आहे तेथें दहा-बारा दिवस काढावयाचे असतात. म्हणून तेथेंहि रंगाचीच योजना आहे. हिरव्या, ताज्या डहाळीवरील कोश बहुधा हिरवा होतो. वाळक्या काटकीवरचा किंवा गजाला धरून बसलेला पुष्कळदां तपकिरी होतो. हा निवाडा कोश होण्यापूर्वींच, अळी जागा धरून निश्चल बसलेली असतांना होतो. एकदां कोश बनला कीं रंग बदलत नाहीं. फुलपाखरांच्या कोशांचे रंग भोंवतालावर अवलंबून असतात, ह्यावर इंग्लंडांत एडवर्ड पौल्टन ह्यानें शेंकडों अळ्या निरनिराळ्या रंगांच्या कागदांवर ठेवून प्रयोग केले होते. त्याचा 'प्राण्यांचे रंग' हा ग्रंथ १८९० सालीं प्रसिद्ध झाला. धायरीच्या सज्जांत हाच प्रयोग एक जुनी काटकी व एक नवी डहाळी ह्यांवर होऊं शकतो, आणि त्याला खर्च चार पानांचा.

कोशांतून फुलपाखरूं बाहेर आलें म्हणजे खरी गुंतागुंत सुरू होते. नर असेल तर प्रश्न नाहीं. सगळे नर सारखे. अंग काळें, मागील पंखांवर पांढऱ्या ठिपक्यांची एक आडवी ओळ. परंतु माद्या तीन तऱ्हांच्या असतात. पहिली नरासारखीच. दुसरीच्या मागील पंखांच्या मध्यभागीं पांढरे पट्टे आणि कडेला तांबडे ठिपके. तिसरीच्या पुढील पंखांवर पांढरे पट्टे असून मागील पंख लाल ठिपक्यांनीं भरलेले. एकाच आईच्या पोटीं तिन्ही तऱ्हा जन्मास येऊं शकतात. एका नराभोंवतीं इतक्या निरनिराळ्या माद्या पाहून हिंदुस्थानांतील इंग्रज संग्राहकांना अमेरिकेंतील बहुपत्नीक मॉर्मन पंथाची आठवण झाली आणि त्यांनीं फुलपाखराला तेंच नांव देऊन टाकलें. शास्त्राच्या दृष्टीनें नांव निरर्थक आहे, परंतु चिकटलें तें चिकटलें.

दुसऱ्या व तिसऱ्या तऱ्हेच्या माद्या कोणाचें सोंग घेतात, हें आल्फ्रेड रसेल वॉलेस ह्यानें १८६५ सालीं मलाया द्वीपसमूहांतील फुलपाखरांवर लिहितांना सांगितलें. त्याच्या तीन वर्षें आधीं, १८६२ सालीं, हेन्री बेट्स ह्यानें ॲमेझॉनच्या खोऱ्यांतील फुलपाखरांवरून हा विचार प्रथम मांडला होता. विषारी प्राण्याचा वेष निर्विष प्राण्यानें घ्यावा आणि त्याच्या दहशतीवर आपला जीव वांचवावा, असा तो विचार. आपल्याकडे हे विषारी धनी म्हणजे 'कॉमन रोझ' आणि 'क्रिम्झन रोझ' हीं दोन फुलपाखरें. त्यांच्या अळ्या ईश्वरी ह्या औषधी वेलीवर व तिच्या जातभाईंवर वाढतात. ह्या वेलींतील विष अळीच्या अंगांत सांठतें आणि पुढें फुलपाखरांतहि उतरतें. कोंवळा, अननुभवी पक्षी असें फुलपाखरूं एकदां तोंडांत धरतो, त्याला घाण चव लागते, आणि काळ्यावर पांढरें व तांबडें असा मेळ दिसला कीं पुन्हां त्या वाटेस जात नाहीं. मॉर्मनची मादी हा धडा आयता वापरते. तिच्या अंगांत विष नाहीं. तिची अळी कढीलिंबावर वाढलेली. परंतु वेष रोझचा.

घरांतील कोणालाहि हें सोंग उघडें पाडतां येतें. खऱ्या रोझचें अंग, म्हणजे पंखांच्या मधलें धड, तांबडें असतें. मॉर्मन मादीचें धड काळें असतें. पंखांची नक्कल इतकी हुबेहुब करणाऱ्या निसर्गाला धड रंगवावयास कां सुचलें नसावें, असें कोणी विचारील. उत्तर सोपें आहे. उडतें फुलपाखरूं पाहतांना पक्ष्याच्या डोळ्यांत भरतात ते पंख. धड बारकाईनें पाहण्याइतका वेळ त्याला बहुधा मिळत नाहीं. जेवढें पाहिलें जातें, तेवढेंच रंगवलें गेलें.

आतां ह्या व्यवहाराची खरी अडचण. खोटें नाणें चालतें, कारण बाजारांत खरीं नाणीं पुष्कळ असतात. खोटींच अधिक झालीं तर व्यापारी प्रत्येक नाणें वाजवून पाहूं लागेल. त्याचप्रमाणें एखाद्या भागांत रोझ कमी आणि तिचें सोंग घेणाऱ्या माद्या अधिक झाल्या, कीं पक्ष्याच्या चोंचींत पहिलें फुलपाखरूं येईल तें रुचकर निघण्याचा संभव वाढतो. आणि मग तांबडा-पांढरा वेष हा इशारा न राहतां निमंत्रण होतो. ह्याचा पुरावा नकाशावर दिसतो. क्रिम्झन रोझ हें फुलपाखरूं हिंदुस्थान व लंका ह्या प्रदेशांतलें. त्याचें सोंग घेणारी तिसरी मादीहि ह्याच प्रदेशांत सांपडते. मॉर्मन पुढें पूर्वेकडे चीन-जपानपर्यंत पसरलेलें आहे; परंतु जेथें क्रिम्झन रोझ नाहीं, तेथें त्याचें सोंगहि नाहीं. ईश्वरीची वेल, तिच्यावरील विषारी फुलपाखरूं, तें चाखून पस्तावलेला पक्षी आणि कढीलिंबावरची निरुपद्रवी मादी अशी ही चौघांची सांखळी आहे. मादीच्या पंखांवरील तांबडा ठिपका तिच्या पंखांवर असला, तरी त्याची किंमत इतर तिघांच्या हातीं आहे.

एका आईच्या तीन तऱ्हांच्या मुली कशा होतात, आणि त्यांच्या वेषांची सरमिसळ कां होत नाहीं, हें कोडें पुष्कळ वर्षें सुटलें नव्हतें. पंखांचा रंग, ठिपक्यांची जागा, पट्ट्यांचा आकार अशा निरनिराळ्या गोष्टी ठरविणारे कांहीं जनुक एकमेकांस चिकटून बसले असावेत, अशी समजूत होती. २०१४ सालीं बंगळूर येथील राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे कृष्णमेघ कुंटे आणि शिकागो विद्यापीठाचे मार्कस क्रॉनफोर्स्ट व त्यांचे सहकारी ह्यांनीं 'नेचर' ह्या नियतकालिकांत ह्याचें उत्तर प्रसिद्ध केलें. जनुकांची टोळी नव्हे, तर एकच जनुक हा सगळा वेष ठरवितो. त्याचें नांव 'डबलसेक्स'. कीटकांचें शरीर नराचें व्हावें कीं मादीचें, हें सांगणें हेंच ह्या जनुकाचें मूळ काम. त्याचीच एक निराळी प्रत, जीवनसूत्राचा तेवढा तुकडा उलटा बसल्यामुळें अभंग राहिलेली, मादीच्या पंखांना रोझचा वेष देते. तुकडा उलटा असल्यामुळें त्याच्या खुणांची दुसऱ्या प्रतीशीं अदलाबदल होत नाहीं. म्हणून अर्धी नक्कल असलेली मादी बहुधा जन्मत नाहीं. नरांत तोच जनुक असूनहि त्याच्या पंखांवर कांहीं उमटत नाहीं, ही त्यांतली आणखी गंमत.

हे रंग कशाचे बनलेले असतात, हा प्रश्न आतां घ्यावयास हरकत नाहीं. फुलपाखरूं हातांत धरलें असतां बोटांना जी भुकटी लागते, ती त्याच्या पंखांवरील खवल्यांची. घराच्या कौलांसारखे हे सूक्ष्म खवले एकावर एक चढवून बसविलेले असतात, आणि एका खवल्याला बहुशः एकच रंग असतो. मॉर्मनचा काळा रंग मेलॅनिन नांवाच्या द्रव्याचा आहे. तेंच द्रव्य माणसाच्या केसांत, कावळ्याच्या पिसांत आणि बिबट्याच्या ठिपक्यांत असतें. काळा, तपकिरी, पिंगट हे रंग बहुधा त्याचे. मेलॅनिन नुसता रंगच देतें असें नाहीं, तर पिसाला बळकटीहि देतें. उजनी धरणाच्या पाण्यावर हिंवाळ्यांत भिगवणजवळ उतरणारे रोहित पक्षी पहावे. सगळें अंग पांढरें-गुलाबी, परंतु पंखांचीं टोंकाकडील मोठीं पिसें काळीं. उडतांना सर्वांत अधिक झीज सोसतात तीं हींच पिसें. ह्याच रोहिताचा गुलाबी रंग मात्र त्याच्या अन्नांतून आलेला असतो. शेवाळांत व पाण्यांतील बारीक झिंग्यांसारख्या जिवांत कॅरोटिन जातीचीं द्रव्यें असतात. पक्ष्याला तीं स्वतः बनवितां येत नाहींत. रोहिताचें पिल्लूं जन्मतां करड्या रंगाचें असतें, आणि प्राणिसंग्रहालयांत योग्य अन्न न मिळालेला रोहित पांढुरका होत जातो. ज्याचें पोट भरलेलें, त्याचा रंग गडद. हा नियम पुढें उपयोगी पडणार आहे.

निळ्या रंगाची गोष्ट अगदींच निराळी. पक्ष्यांच्या पिसांत निळें द्रव्य सांपडत नाहीं असें म्हटलें तर ऐकणाऱ्यास खोटें वाटेल, कारण तारेवर बसलेला नीलपंख उडाला कीं निळ्या रंगाची जणुं ज्योत पेटते. दसऱ्याला ज्याचें दर्शन शुभ मानतात तो हा पक्षी. त्याच्याच पिसांवर सर चंद्रशेखर वेंकट रामन् ह्यांनीं बंगळूर येथें प्रयोग केले व त्यांचा निबंध भारतीय विज्ञान अकादमीच्या वृत्तान्ताच्या पहिल्याच खंडांत, १९३४-३५ सालीं, प्रसिद्ध झाला. आकाश ज्या कारणानें निळें दिसतें, तेंच कारण ह्या पिसांनाहि लागू आहे, असें तोंपर्यंत बहुतेक मानीत. रामन् ह्यांचें समाधान एवढ्यानें झालें नाहीं. नीलपंखाच्या पिसांचे रंग त्या साध्या नियमांत बसत नाहींत, असें त्यांनीं दाखविलें. पुढें इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हातीं आल्यावर कारण स्पष्ट झालें. पिसाच्या धाग्याच्या आंत नखासारख्या द्रव्याचा, हवेनें भरलेला स्पंज असतो. निळ्या प्रकाशाच्या लहरी इतक्या आंखूड कीं एका मिलिमीटरांत सुमारें २२०० मावाव्या. स्पंजांतील छिद्रांची अंतरें नेमकीं ह्या मापाला जुळतीं असतात. त्यामुळें निळ्या लहरी एकमेकींना बळ देऊन बाहेर फेंकल्या जातात, आणि बाकीच्या आंतील काळ्या मेलॅनिनांत बुडून जातात. १९९८ सालीं अमेरिकेंतील रिचर्ड प्रम ह्यांनीं ही मांडणी गणितानें सिद्ध केली.

ह्याची परीक्षा घरीं करावयाची असेल, तर गळून पडलेलें पोपटाचें हिरवें पीस हातोडीनें चांगलें ठेंचावें. हिरवेपणा जाऊन पीस पिवळसर पडतें. पोपटाचा हिरवाहि अळीच्या हिरव्यासारखाच दुहेरी असतो; परंतु येथें पिवळें तेवढें द्रव्य, आणि निळा म्हणजे नुसती रचना. ठेंचल्यावर रचना मोडते, द्रव्य राहतें. मोराच्या पिसाची पाठ पाहिली तरी हेंच दिसतें. पुढून इंद्रधनुष्य आणि मागून साधें तपकिरी पीस.

एवढें सगळें रंगकाम ज्याच्यासाठीं असतें, तो डोळा माणसाचा नव्हे, हें मात्र विसरून चालत नाहीं. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या. पक्ष्याच्या डोळ्यांत चार, आणि माणसाला न दिसणारा जांभळ्यापलीकडचा प्रकाश कित्येक पक्ष्यांना दिसतो. ह्याच्या उलट हरिणांच्या डोळ्यांत त्या दोनच प्रकारच्या. त्यामुळें नारिंगी वाघ माणसाला भडक दिसला, तरी चितळाला तो आजूबाजूच्या हिरव्या गवतांत मिसळलेला दिसतो. हिरवें द्रव्य केसांत तयार करणें सस्तन प्राण्यांस साधलेलें नाहीं. वाघाला त्याची उणीव भासण्याचें कारण नाहीं. त्याच्या भक्ष्याला फरकच कळत नाहीं.

रंग बदलणारा प्राणी म्हणून मराठींत सरड्याची अपकीर्ति फार. बेभरंवशाच्या माणसास सरड्याची उपमा देतात, आणि बागेंतला सरडा ज्या झाडावर बसेल त्या झाडासारखा होतो, असें मुलांना सांगतात. वस्तुतः बागेंतला सरडा भोंवतालाची नक्कल करण्याकरितां रंग बदलतो तो थोडा. ऊन, भीति, राग व विणीचा काळ हींच त्याचीं मुख्य कारणें. चैत्र-वैशाखांत कुंपणावर बसून मान वरखालीं करणारा लाल डोक्याचा सरडा लपलेला नसून जाहिरात करीत असतो. दुसऱ्या नराशीं झुंजींत हरला, कीं तोच लाल रंग पाहतां पाहतां उतरतो. त्याच्या कातडींत रंगपेशींचे थर असतात. वरचा पिवळ्या-तांबड्यांचा, मधला प्रकाश परतविणाऱ्या स्फटिकांचा, तळचा मेलॅनिनचा. तळच्या पेशींतील काळे कण पसरले कीं अंग काळवंडतें, आकसले कीं उजळतें. बिचाऱ्याला कपट असें माहीतच नाहीं. मनांत जें असेल तें कातडीवर दिसतें.

ह्याच कुळांतील एका सरड्यानें सातारा जिल्ह्यांत, ठोसेघरच्या वरच्या अंगास असलेल्या चाळकेवाडीच्या पठारावर, रंगांच्या शास्त्रांत एक नवें प्रकरण लिहविलें आहे. आकारानें वीतभर, वरून मातकट, दगडांत दिसूनहि न येणारा. परंतु पावसापूर्वींच्या दिवसांत नर एखाद्या दगडावर चढतो, गळ्याखालचा पडदा पंख्यासारखा उघडतो, आणि त्यावर गडद निळा, काळा व नारिंगी असे तीन रंग एकदम झळकतात. २०१६ सालीं व्ही. दीपक, वरद गिरि व त्यांच्या सहकाऱ्यांनीं ह्या गटाला नवें शास्त्रीय नांव दिलें, तें 'सराडा'. म्हणजे आपला मराठी 'सरडा'च. चाळकेवाडीच्या जातीस 'सुपर्बा', म्हणजे देखणी, असें म्हटलें आहे. पंखा उघडणें म्हणजे मादीला बोलावणें व दुसऱ्या नराला धमकावणें. परंतु तोच पंखा आकाशांतून पाहणाऱ्या शिकऱ्यालाहि दिसतो. म्हणून पंखा क्षणभर उघडावयाचा आणि मिटावयाचा, उरलेला वेळ मातींत माती होऊन रहावयाचें, असा त्याचा बेत असतो.

चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांची मोठी वसाहत झाली. पठाराच्या कांहीं भागांत चक्क्या आहेत, लगतच्या भागांत नाहींत; जमीन, गवत, दगड दोन्हीकडे सारखे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील मारिया ठाकर व अमोद झांबरे ह्यांनीं हर्षल भोसले ह्यांच्यासह हे दोन भाग एकमेकांशीं ताडून पाहिले आणि २०१८ सालीं आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. चक्क्यांच्या भागांत शिकारी पक्षी जवळ जवळ चौपट कमी आढळले. फिरत्या पात्यांच्या जवळ ते फारसे येत नव्हते. सरड्यांचा शत्रु गेला, तेव्हां सरडे वाढले; त्यांची दाटी चक्क्या नसलेल्या भागाहून कितीतरी अधिक झाली. येथवर ऐकून सरड्यांचें भाग्य उजळलें असें वाटेल. त्यांच्या रक्तांतील भयाचा स्रावहि कमी भरला. परंतु दाटी झाली म्हणजे वांटेकरी वाढतात. चक्क्यांखालचे सरडे अंगानें उतरलेले आढळले, आणि त्यांच्या गळ्याच्या पंख्यावरील रंगांची तीव्रता कमी झालेली आढळली. रोहिताच्या बाबतींत जें दिसलें तेंच येथेंहि. उंची रंग हा पोट भरलेल्याचा व्यवहार आहे. भुकेल्या गर्दींत तो परवडत नाहीं. सरड्याला कोणी हात लावला नव्हता, त्याचा दगड हलविला नव्हता, गवत कापलें नव्हतें. आकाशांतील एक डोळा तेवढा दूर झाला होता.

माणसाची चाहूल लागतांच चक्क्या नसलेल्या भागांतला सरडा लांबूनच दगडाखालीं पळतो. चक्क्यांखालचा सरडा मात्र माणसास पुष्कळ जवळ येऊं देतो, आणि तेव्हां त्याचा फिकट पंखा चांगला निरखून पाहतां येतो.

असें मापन करावयास चाळकेवाडीलाच गेलें पाहिजे असें नाहीं. धायरीच्या सज्जांत कढीलिंबाची कुंडी असेल, तर श्रावणांत तिच्याभोंवतीं काळ्या पंखांचीं फुलपाखरें घिरट्या घालूं लागतात. पानांवर औषध न मारतां दोन-तीन अळ्यांना त्यांचीं पानें खाऊं दिलीं, म्हणजे शिटेपासून पंखांपर्यंतचे सगळे वेष एकाच महिन्यांत पाहून होतात. आणि तांबड्या ठिपक्यांचें फुलपाखरूं आलेंच, तर तें पळण्यापूर्वीं पंखांच्या मध्यें नजर टाकावी; धड तांबडें असेल तर कोठें तरी जवळपास ईश्वरीची वेल अजून जिवंत आहे.